जुन्या अँड्रॉइड फोनवरून नव्यावर सगळे हलवायचे आहे: व्हॉट्सॲप, नंबर, यूपीआय. आधी काय, मग काय?

शेवंता

नमस्कार. आईचा फोन बदलायचा आहे. उत्तर नेमके मिळावे म्हणून सगळी माहिती देते.

जुना फोन अँड्रॉइड १०, ६४ जीबी, जेमतेम ९०० एमबी जागा शिल्लक. चार्जिंगला जुनी मायक्रो-यूएसबी पिन. आत ३२ जीबीचे मेमरी कार्ड आहे. नवा फोन अँड्रॉइड १५, १२८ जीबी, सी-टाइप पिन, मेमरी कार्डाची सोय नाही. दुकानातच फोन चालू करून दिला आणि तिथे एक नवेच जीमेल खाते उघडून टाकले. जुन्या जीमेलचा पासवर्ड आईला आठवत नाही, पण जुन्या फोनवर ते खाते अजून चालू आहे. नव्या फोनमध्ये अजून काहीही भरलेले नाही.

व्हॉट्सॲप एकट्यानेच १८ जीबी खाल्ले आहेत. बॅकअप घ्यायला गेले की जागा अपुरी म्हणते, गूगलचे फुकटचे १५ जीबीही भरलेत. ड्राइव्हवरचा शेवटचा बॅकअप पाच महिन्यांपूर्वीचा. नंबर काही सिमवर, काही फोनमध्ये, बरीच नावे मराठीत. यूपीआयचे एक ॲप, त्यात यूपीआय लाइटही (छोट्या रकमांसाठीचे, पिन न लागणारे पाकीट) चालू, शिवाय दोन बँकांची ॲप्स. पेन्शनचे एसएमएस गमावून चालणार नाहीत.

घरी वायफाय आहे, विंडोजचा लॅपटॉप आहे. सुरुवात कुठून करू? सिम लगेच नव्या फोनमध्ये घालू का?

घाटमाथा

सिम शेवटी. अगदी शेवटी. नव्या फोनचे बहुतेक सगळे काम नुसत्या वायफायवर होते. ओटीपी जुन्या फोनवर येतील, ते वाचून नव्यात टाकायचे. सिम आधी काढले की जुन्या फोनवरचे यूपीआय आणि बँकेची ॲप्स अडतात, आणि त्यांतून जे आवरून घ्यायचे आहे (लाइटची शिल्लक, त्याबद्दल खाली कोणी लिहीलच) ते करता येत नाही.

पहिले काम जुन्या जीमेलचे. फोनवर खाते चालू आहे तोवरच पासवर्ड बदलून घ्या, नंतर फार त्रास होतो. जुन्या फोनमध्ये सेटिंग्ज, गूगल, मग खाते, सुरक्षा, पासवर्ड. जुना पासवर्ड विचारेल तिथे ‘पासवर्ड विसरलात’ दाबा. खाते त्याच फोनवर चालू असल्यामुळे बहुतेक वेळा फोनचा पॅटर्न किंवा पिन विचारून नवा पासवर्ड ठेवू देते. नवा पासवर्ड वहीत लिहून ठेवा. आणि पासवर्ड बदलल्यापासून २४ तास कुठलाही फोन फॅक्टरी रिसेट करू नका. हा गूगलचाच नियम आहे. चोराने पासवर्ड बदलून फोन पुसू नये म्हणून मधली वेळ ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी नवा फोन रिसेट करा. हो, नवाच. दुकानातल्या खात्यावर पुढे चालू ठेवलेत तर आईचे नंबर, फोटो, खरेदी केलेली ॲप्स सगळे एका खात्यात आणि फोन दुसऱ्या खात्यात, असा घोळ कायमचा होऊन बसतो. आत काही भरलेले नाही, म्हणजे गमावण्यासारखे काहीच नाही. आधी सेटिंग्जमध्ये जाऊन दुकानातले खाते काढून टाका, मगच रिसेट. खाते न काढता बटणे दाबून रिकव्हरीतून (फोन बंद असताना उघडणाऱ्या दुरुस्तीच्या मेनूतून) रिसेट केलात तर फोन सुरू होताना त्याच खात्याचा पासवर्ड मागेल, आणि तो तुमच्याकडे नसेल तर नवा कोरा फोन अडकून पडेल.

रिसेटनंतर फोन पहिल्यांदा सुरू होताना ‘जुन्या फोनवरून ॲप्स आणि डेटा कॉपी करा’ असे विचारतो. बऱ्याच फोनवर ही पायरी सेटअपमध्ये एकदाच येते, म्हणून घाईत ‘नको’ दाबू नका. केबल नसेल तर ‘केबलशिवाय’ निवडा. जुन्या फोनवर सेटिंग्ज, गूगल, तिथे ‘जवळचे डिव्हाइस सेट अप करा’ अशा अर्थाचा पर्याय असतो. दोन्हीकडे तेच चिन्ह किंवा आकडा दिसला की पुढे जायचे. जुन्या फोनचा पॅटर्न विचारतो. बॅकअप त्याच कुलपाने बंद केलेला असतो, म्हणून तो लागतोच. आई बोटाच्या ठशाने फोन उघडत असतील तर पॅटर्न आठवतो का, हे आधी तपासा.

यातून एसएमएस, कॉलची यादी, ॲप्सची यादी, गूगल खात्यातले नंबर आणि बरीचशी सेटिंग्ज येतात. ॲप्स मात्र बरीचशी रिकामी येतात. गूगलच्या बॅकअपमध्ये एका ॲपला २५ एमबीच मिळतात आणि बँकेची ॲप्स तर मुद्दाम काहीच देत नाहीत. त्यामुळे चिन्हे सगळी दिसली म्हणजे काम झाले असे समजू नका.

ओवी

व्हॉट्सॲपबद्दल.

तुमच्या बाबतीत ड्राइव्हच्या नादी लागू नका. २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत मोजला जातो. त्यात फोटो येतातच, व्हिडिओ तेवढे वगळता येतात. भरलेल्या ड्राइव्हमध्ये तो बसणार नाही, आणि एका फोनबदलासाठी जास्तीची जागा विकत घेण्याचीही गरज नाही.

व्हॉट्सॲपमध्येच थेट फोन-ते-फोन सोय आहे. आधी १८ जीबी हलके करा. सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. तिथे ‘५ एमबीपेक्षा मोठ्या’ आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेल्या’ अशा दोन वेगळ्या याद्या मिळतात. शुभ सकाळच्या चित्रांचा आणि भजनांच्या व्हिडिओंचा मोठा हिस्सा या दुसऱ्या यादीत सापडतो. सरसकट ‘सगळे निवडा’ दाबू नका, घरच्या लग्नाचा व्हिडिओही ग्रुपमधून फिरत फिरत तिथे येऊन बसलेला असतो. फोनवर निदान ३ ते ४ जीबी मोकळे झाले पाहिजेत. ९०० एमबीवर फोन स्वतःच अडखळत असतो, हस्तांतर मध्येच थांबते ते बऱ्याचदा याच कारणाने.

मग दोन्ही फोन चार्जरला लावा, दोन्ही एकाच वायफायवर, दोन्हीकडे लोकेशन चालू. दोन्हीकडे व्हॉट्सॲप अद्ययावत करून घ्या. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्सफर चॅट्स, स्टार्ट, इथपर्यंत जाऊन तो तसाच उघडा ठेवा. आता नव्या फोनवर व्हॉट्सॲप टाका, आईचाच नंबर द्या, ओटीपी जुन्या फोनवर येईल तो इकडे भरा. नवा फोन ‘जुन्या फोनवरून चॅट आणायच्या का’ विचारेल. तिथे स्टार्ट दाबून परवानग्या दिल्या की क्यूआर कोड येतो, तो जुन्या फोनने स्कॅन करायचा.

जुन्या फोनचे वायफाय २.४ गिगाहर्ट्झचे असणार. प्रत्यक्षात सेकंदाला ४ एमबी मिळाले तरी पुष्कळ, म्हणजे १८ जीबीला सव्वा तासाहून जास्त. दोन्ही स्क्रीन चालू राहू द्या, दुसरे ॲप उघडू नका, फोन आलाच तर दुसऱ्या फोनवरून बोला. बॅटरी वाचवण्याची सोय दोन्हीकडे बंद ठेवा, ती मागे चाललेले काम मारून टाकते.

सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टी जरूर बघा. एक, आईंनी व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावली आहे का. लावली असेल, ती आठवत नसेल आणि ईमेलही जोडलेला नसेल, तर नव्या फोनवर सात दिवस थांबावे लागते. जुन्या फोनवर सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेपमध्ये जाऊन ती आत्ताच बदलता येते. दोन, बॅकअपला वेगळा पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लावलेली आहे का. तो पासवर्ड हरवला तर ते कुलूप व्हॉट्सॲपलाही उघडता येत नाही.

आणि सर्वांत महागात पडणारी चूक. नव्या फोनवर पुढे काही अडले म्हणून ‘स्किप’ दाबून रिकामे व्हॉट्सॲप सुरू करायचे नाही. चॅट आणण्याचा पर्याय फक्त सुरुवातीच्या नोंदणीत येतो. रिकामे ॲप रात्री आपोआप बॅकअप घेते आणि ड्राइव्हवरच्या जुन्या बॅकअपची जागा हा रिकामा बॅकअप घेतो. तुमचा पाच महिन्यांपूर्वीचा बॅकअपही मग हाती राहत नाही. चुकून स्किप झालेच तर तिथल्या तिथे व्हॉट्सॲप काढून टाका आणि पुन्हा टाका.

तिठा

ओवींशी सहमत. फक्त हस्तांतराच्या आधी एक हातची प्रत काढून ठेवा, लॅपटॉप आहेच.

जुन्या फोनवर व्हॉट्सॲपमधून चॅट बॅकअप दाबा आणि ड्राइव्ह ‘कधीच नाही’ करा. फोनमध्येच बॅकअप होतो. हा बॅकअप मजकुराचा असतो, फोटो-व्हिडिओ फोल्डरमध्ये आधीच पडलेले असतात, म्हणून त्याला थोडीच जागा पुरते. मग फोन लॅपटॉपला जोडून अँड्रॉइड, त्यात मीडिया, त्यात कॉम.व्हॉट्सॲप हे आख्खे फोल्डर लॅपटॉपवर कॉपी करा. अँड्रॉइड १० च्या काही फोनवर ते बाहेरच, नुसत्या ‘व्हॉट्सॲप’ नावाने असते. आतल्या ‘डेटाबेसेस’मध्ये एमएसजीस्टोअर नावाची, शेवटी क्रिप्ट१४ किंवा क्रिप्ट१५ असलेली फाइल आणि तिच्यावर आजची तारीख दिसली पाहिजे. ती दिसली तर सगळ्या गप्पा तुमच्या हातात आहेत. थेट हस्तांतर फसले तर हेच फोल्डर नव्या फोनमध्ये त्याच जागी ठेवायचे, मगच व्हॉट्सॲप टाकायचे आणि त्याच नंबराने नोंदणी करायची.

फोन जोडल्यावर लॅपटॉप नुसते चार्जिंग दाखवत असेल तर दोन कारणे. फोनवर वरून खाली ओढून ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलेले नाही, किंवा केबल नुसत्या चार्जिंगची आहे. डेटाच्या केबलला चार तारा लागतात, स्वस्त चार्जिंगच्या केबलमध्ये वीज नेणाऱ्या दोनच असतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून फोनबरोबर आलेली केबल वापरा. कट-पेस्ट कधीही नको, कॉपीच. आणि हजारो बारीक फायली असल्या की मध्येच तुटते, म्हणून एकेक फोल्डर घ्या. फोन लॉक झाला तरी काही फोनवर कॉपी थांबते.

शेवंता

खूप मदत झाली. पासवर्ड बदलला, उद्या नवा फोन रिसेट करेन. तिठा, लॅपटॉपवर प्रत निघाली, आजच्या तारखेची क्रिप्ट१४ फाइल दिसते आहे.

नंबरांचे सांगाल का? आईच्या फोनवर यादीत ४१२ नावे दिसतात, पण लॅपटॉपवर गूगल काँटॅक्ट्स उघडले तर तिथे फक्त १३७. बाकीची गेली कुठे?

तिठा

गेलेली नाहीत. फोनचे नंबरांचे ॲप तीन ठिकाणची नावे एकाच यादीत दाखवते: सिम, फोन आणि गूगल खाते. १३७ गूगलमध्ये आहेत, बाकीची २७५ सिमवर किंवा नुसत्या फोनमध्ये. ‘फोन’मध्ये ठेवलेली नावे कुठल्याच खात्याशी जोडलेली नसतात, म्हणून फोन गेला की ती जातात. काही कंपन्यांच्या फोनवर नवा नंबर साठवताना आपोआप ‘फोन’ किंवा ‘सिम’ निवडलेले असते, त्यातून हे होते.

जुन्या फोनवर काँटॅक्ट्स उघडून सेटिंग्जमध्ये जा, ‘एक्स्पोर्ट’ करून सगळ्या नावांची एक व्हीसीएफ फाइल बनवा. ती लॅपटॉपवर ठेवा आणि आईच्या जीमेलवरही पाठवा. मग लॅपटॉपवर गूगल काँटॅक्ट्समध्ये ‘इम्पोर्ट’ करून ती फाइल द्या. नव्या फोनवर खाते चालू झाले की सगळी आपोआप उतरतील. काही नावे दोनदा येतील, तिथल्याच ‘मर्ज आणि दुरुस्ती’मधून ती एक करा. काही बिघडलेच तर गूगल काँटॅक्ट्समध्ये मागच्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेपर्यंत यादी परत नेता येते.

मराठी नावांबद्दल दोन सूचना. व्हीसीएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत तर ‘सुनीता’च्या जागी ‘=ई०=ए४=बी८’ असे काहीतरी दिसेल. फाइल बिघडलेली नाही. जुन्या पद्धतीच्या व्हीसीएफमध्ये देवनागरी अक्षरे अशीच लिहिली जातात आणि आत घेताना पुन्हा नीट उलगडतात. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा कोणी ही फाइल एक्सेलमध्ये उघडून ‘सेव्ह’ करते. नुसती उचला आणि इम्पोर्ट करा, मध्ये हात लावू नका.

दुसरे, सिमवर कॉपी करून नंबर न्यायचा जुना उपाय इथे नको. सिमवर साधारण २५० नावे मावतात आणि एका नावाला मोजकीच जागा असते. देवनागरी अक्षराला रोमनच्या दुप्पट जागा लागते, त्यामुळे सात-आठ अक्षरांनंतर नाव तुटते. ‘सुनीता मावशी नाशिक’ची ‘सुनीता म’ होते, आणि एकीचे दोन नंबर असतील तर ते दोन वेगळ्या नोंदी होतात.

गलबत

यूपीआय आणि बँक. इथे चूक झाली तर दोन-तीन दिवस पैशांचे व्यवहार अडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आज, जुन्या फोनवरच, यूपीआय लाइट बंद करा. लाइटची शिल्लक त्या फोनशी बांधलेली असते, ती नव्या फोनवर आपोआप जात नाही. ॲपमध्ये यूपीआय लाइट उघडून ‘बंद करा’ किंवा ‘पैसे खात्यात परत’ असा पर्याय निवडला की रक्कम बँकेत जमा होते. ती जमा झालेली पाहूनच पुढे जा.

सिम हलवायचा दिवस निवडताना त्या दिवशी मोठे पैसे द्यायचे नाहीत याची खात्री करा. नव्या फोनवर यूपीआयची नोंदणी केल्यावर पहिले २४ तास साधारण ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. पुढे कधी आयफोन घेतलात तर तिथे हीच मुदत ७२ तासांची असते. वीजबिल, औषधे आदल्या दिवशी उरकून घ्या.

नवे सिम मात्र त्या दिवशी घेऊ नका. सिम जुने झाले, कापलेले आहे, किंवा ई-सिम घ्यावे असे कोणी सुचवेल. सिम बदलले की २४ तास त्या नंबरवरचे एसएमएस येणे-जाणे दोन्ही बंद राहते. फसवणूक रोखण्यासाठीचा नियम आहे. एसएमएस बंद म्हणजे ओटीपी नाही आणि यूपीआयची नोंदणीही नाही. आहे तेच नॅनो सिम नव्या फोनमध्ये घाला. सिम बदलायचेच असेल तर सगळे स्थिरस्थावर झाल्यावर, वेगळ्या आठवड्यात.

सिम नव्या फोनमध्ये गेल्यावर: यूपीआय ॲप स्वतःहून त्या सिमवरून एक एसएमएस पाठवते. बँकेत नोंदवलेला नंबर तोच आहे याची खात्री त्यातूनच होते. नोंदणी फसते ती सहसा इथे. रिचार्जची मुदत संपलेली असते, किंवा पॅकमध्ये एसएमएस नसतात आणि शिल्लकही नसते, किंवा दोन सिमच्या फोनमध्ये ॲप दुसरेच सिम निवडते. आधी त्या सिमवरून कुणाला तरी साधा एसएमएस पाठवून बघा. तो गेला की मग ॲप उघडा, आणि वायफाय बंद करून मोबाइल डेटावर करा. व्हीपीएन असेल तर तोही बंद.

यूपीआय पिन तीच चालते, नवी करावी लागत नाही. आईला पिन आठवत नसेल तरच नवी ठेवायची. त्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत आणि ओटीपी लागतो, किंवा आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी. कार्ड हाताशी ठेवाच, कारण बँकेची ॲप्स नव्या फोनला नवखा समजून पुन्हा ओळख पटवायला सांगतात.

बँकेचे ॲप उघडताच बंद होत असेल तर ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ चालू आहेत का बघा. लॅपटॉपला जोडण्यासाठी कोणीतरी यूएसबी डीबगिंग चालू करायला सांगते. फायली कॉपी करायला त्याची गरज नसते, आणि ते चालू असले की काही बँकांची ॲप्स उघडत नाहीत. नव्या फोनला स्क्रीन लॉक लावलेले असणेही लागते.

आणि या काळात ‘फोन बदलला आहे, मदत करतो, हे स्क्रीन दाखवणारे ॲप टाका’ असा कॉल आला तर सरळ ठेवून द्या. आईलाही आधी सांगून ठेवा. ओटीपी एकामागून एक येत असतात, माणूस गोंधळलेला असतो, तेव्हाच असे फोन लागतात.

घाटमाथा

गलबत यांच्या मुद्द्यात भर: कुठल्या खात्यांसाठी गूगल ऑथेंटिकेटरचे सहा आकडी कोड वापरत असाल तर जुना फोन पुसण्याआधी ते नव्यावर न्या. ॲपमध्ये ‘ट्रान्सफर अकाउंट्स’, ‘एक्स्पोर्ट’, आणि दिसलेला क्यूआर नव्या फोनने टिपायचा. त्या पडद्याचा स्क्रीनशॉट निघत नाही, दोन्ही फोन शेजारी लागतात. डिजीलॉकरची चिंता नको, कागदपत्रे त्यांच्याच सर्व्हरवर असतात, मोबाइल नंबर आणि पिन टाकली की दिसतात.

शेवंता

नवा फोन रिसेट करून आईचे जुने खाते टाकले, नंबर ४०० च्या वर आले, दुहेरी नावे एक करते आहे. व्हॉट्सॲपचे हस्तांतर पहिल्यांदा ६ टक्क्यांवर तुटले, दुसऱ्यांदा ४० वर. आता काय करू? आणि फोटोंचे काय? मेमरी कार्डातले आणि फोनमधले मिळून १४ जीबी आहेत. ते कॉपी केल्यावर तारखा बदलतात असे ऐकले आहे.

ओवी

दोनदा वेगवेगळ्या टक्क्यांवर तुटते म्हणजे एखादी फाइल खराब नसून जोडणीच तुटते आहे. एकच फाइल अडत असती तर दर वेळी तिथेच अडले असते. दोन्ही फोन राउटरच्या खोलीत, शेजारी-शेजारी ठेवा. राउटरची २.४ आणि ५ गिगाहर्ट्झची नावे वेगळी असतील तर दोन्ही फोन २.४ च्या नावावर जोडा. जुन्या फोनचे ब्लूटूथचे स्पीकर वगैरे सोडवा आणि ‘वायफाय कमजोर असेल तर मोबाइल डेटावर जा’ अशी सोय असेल तर बंद करा. हीच सोय मधेच वायफाय सोडून देते. जुना फोन एकदा बंद करून चालू करा, मगच तिसरा प्रयत्न.

तिसऱ्यांदाही तुटले तर पुन्हा पुन्हा ओटीपी मागवत बसू नका. प्रत्येक वेळी पुढच्या ओटीपीसाठी थांबण्याची वेळ वाढत जाते, मिनिटांची तासांवर जाते. तिठांनी सांगितलेल्या लॅपटॉपवरच्या प्रतीकडे वळा.

तिठा

फोटोंबद्दल. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत काढल्याची तारीख फोटोच्या आतच लिहिलेली असते, ती कॉपी केल्याने बदलत नाही. बदलते ती फाइलच्या बाहेरची तारीख. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मात्र आतली तारीख नसते, व्हॉट्सॲप ती काढून टाकते. म्हणून कॉपीनंतर ते सगळे एकाच दिवशी काढल्यासारखे गॅलरीत ढीग होऊन बसतात. त्यांच्या नावात तारीख असते: आयएमजी-२०२३०५१२-डब्ल्यूए०००७ म्हणजे १२ मे २०२३ ला आलेला फोटो, शेवटचा आकडा त्या दिवसाचा क्रम दाखवतो. नावे बदलू नका, म्हणजे नावानुसार लावले की क्रम तसाच मिळतो. व्हॉट्सॲपच्या थेट हस्तांतरातून आलेले फोटो चॅटमध्ये आपापल्या जागीच दिसतात, म्हणून तो मार्ग यशस्वी होणे इथेही फायद्याचे.

मायक्रो-यूएसबीवर प्रत्यक्ष वेग सेकंदाला २५ ते ३५ एमबी. १४ जीबीला दहा मिनिटे धरा, बारीक फायली जास्त असतील तर त्याच्या दुप्पट. डीसीआयएम (कॅमेऱ्याचे फोटो) आणि पिक्चर्सबरोबर ‘डाउनलोड’ आणि ‘रेकॉर्डिंग्ज’ हे फोल्डर विसरू नका. सातबाऱ्याची पीडीएफ, रक्ताच्या तपासण्यांचे रिपोर्ट, पेन्शनचे हयातीचे दाखले डाउनलोडमध्येच पडलेले असतात आणि आपोआप होणाऱ्या कॉपीत ते बरेचदा सुटतात.

मेमरी कार्ड काढण्याआधी जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज बघा. कार्ड ‘पोर्टेबल’ असेल तर काढून कार्ड रीडरने लॅपटॉपवर वाचता येईल. ‘इंटरनल’ म्हणून जोडलेले असेल तर ते त्या फोनच्या कुलपाने बंद असते, बाहेर कुठेच उघडणार नाही. मग ते फोनमध्ये ठेवूनच केबलने कॉपी करा. लॅपटॉपने अशा कार्डावर ‘फॉरमॅट करू का’ विचारले तर ‘नाही’ म्हणा.

शेवंता

राउटरजवळ ठेवून २.४ वर जोडले, व्हॉट्सॲप पूर्ण आले. कार्ड पोर्टेबलच निघाले. लाइट बंद करून पैसे खात्यात आले, सिम उद्या सकाळी हलवते. शेवटचे विचारते: जुना फोन ताईच्या मुलाला द्यायचा आहे. लगेच पुसला तर चालेल का?

घाटमाथा

निदान पंधरा दिवस थांबा. काय राहिले ते नेमके त्या पंधरा दिवसांत कळते: एखादी रेकॉर्डिंग, एखाद्या ॲपमधली यादी, कीबोर्डला शिकवलेले मराठी शब्द. तोवर फोन सिमशिवाय, वायफाय बंद करून कपाटात ठेवा. त्यावर व्हॉट्सॲप उघडून पुन्हा नंबर टाकायचा नाही, नाहीतर नव्या फोनवरून आई बाहेर फेकल्या जातील. जागा करण्यासाठी जुन्या फोनवर गूगल फोटोजमधून फोटो पुसायचे नाहीत, तिथे पुसले की खात्यातून आणि नव्या फोनवरूनही जातात. चुकून झालेच तर गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस असतात. गूगल फोटोजच्या लॉक्ड फोल्डरमध्ये काही ठेवले असेल तर ते आपोआप होणाऱ्या कॉपीत येत नाही, ते आधी बाहेर काढा.

पुसताना क्रम असा: मेमरी कार्ड बाहेर, मग सेटिंग्जमधून गूगल खाते आणि फोनच्या कंपनीचे खाते असेल तर तेही काढा, मग सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रिसेट. रिकव्हरीतून नको, कारण वर सांगितले आहे. फोनमधला डेटा कुलूपबंद असेल (सेटिंग्ज, सुरक्षा, एन्क्रिप्शनमध्ये तसे लिहिलेले दिसते) तर रिसेटमध्ये त्याची किल्लीच नष्ट होते, पुन्हा पुन्हा पुसायची गरज नाही. मेमरी कार्ड मात्र तसे पुसले जात नाही, म्हणून ते फोनबरोबर द्यायचे असेल तर लॅपटॉपवर आधी त्याची प्रत काढून मग फॉरमॅट करा.

रिसेटनंतर फोन तुम्हीच एकदा सुरू करून भाषा आणि वायफायपर्यंत जा. जुन्या खात्याचा पासवर्ड न मागता पुढे सरकला की बंद करा आणि द्या.